शीग नको, सपाट चमचा

नारायणगावात चैत्र-वैशाख म्हणजे टोमॅटोच्या रोपांची घाई. माझ्या भावाची मीना नदीच्या अलीकडे छोटी रोपवाटिका आहे. त्या दिवसांत पहाटेपासून ट्रे भरायचे, बी टोचायचं, गिऱ्हाइकांच्या गाड्या भरून द्यायच्या. वहिनी या कामात निम्म्याची धनीण. तिचं बाळ यंदा वैशाखात चार महिन्यांचं झालं. सकाळी, संध्याकाळी आणि रात्री ती बाळाला अंगावर पाजते. दिवसाचं दूध मात्र डब्याचं.

मी मंचरहून भेटायला गेले, तेव्हा ओट्यावर तीन डबे ओळीनं मांडलेले होते. तीन कंपन्यांचे, तिन्ही अर्धवट. त्याच दुपारी घोडेगावहून एसटीनं माझी आत्याही आली. आत्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडच्या गावांत आयुष्यभर आरोग्यसेविका होती. तिकडं अजून तिला नर्सबाई म्हणतात. तिची नजर आधी बाळाकडं गेली आणि मग त्या तीन डब्यांकडं. त्यानंतर या दोघींत जे बोलणं झालं, ते कितीतरी घरांतलं आहे असं वाटलं, म्हणून मांडते आहे.

आत्या : हे तीन डबे कशाला गं सूनबाई?

वहिनी : पहिला पुण्याला माहेरी असताना सुरू केला होता. इथं आल्यावर दुकानात तो मिळेना, म्हणून दुसरा आणला. त्यानं याला शी खड्यासारखी व्हायला लागली. रडून लाल व्हायचा. शेजारच्या ताई म्हणाल्या, त्यांच्या नातवाला लॅक्टोज नसलेली पावडर मानवली. मग चार दिवसांपूर्वी हा तिसरा आणला. आता किरकिर आहेच, वर दूधही काढतो. आज डॉक्टरांना विचारून चौथा आणावा म्हणते.

आत्या : तीन आठवड्यांत तीन डबे. पोटानं कोणाकोणाशी ओळख करून घ्यायची?

वहिनी : आत्याबाई, तुम्हाला डबाच पसंत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझी अडचणही बघा. नोकरीवाल्या बाईला सव्वीस आठवड्यांची रजा मिळते. स्वतःच्या रोपवाटिकेला कोण रजा देणार? हंगाम गेला की वर्ष गेलं. डबा हे माझ्या हातातलं साधन आहे. एका औषधानं गुण आला नाही तर आपण दुसरं घेतो, तसंच हे.

आत्या : तिथंच चुकतंय बघ. डबा म्हणजे अन्न. औषधासारखा तो चार दिवसांत बदलायचा नसतो. आतडं नव्या दुधाला सरावायला काही दिवस घेतं, कधी आठवडा, कधी दोन. तेवढ्या दिवसांत शीचा रंग बदलतो, ती थोडी घट्ट किंवा हिरवट होते, वारा जास्त सरतो. बाळ खेळतंय, पितंय, दिवसातून सहा-सात लंगोट ओले करतंय आणि वजन घेतंय, तर थांबायचं. तू थांबलीच नाहीस. प्रत्येक वेळी सवय लागायच्या आत नवा डबा फोडलास.

वहिनी : आणि तो रडत असताना मी दोन आठवडे नुसतं बघत बसू?

आत्या : नुसतं बघू नकोस, शोध. दूध कसं बनवतेस ते दाखव मला.

वहिनीनं बाळासाठी दूध करायला घेतलं. जारच्या पाण्यातून मापाची बाटली भरली, थोडं कोमट केलं, ओट्यावरच्या डबीतून चमचा उचलला आणि पावडर शिगोशीग भरून तीन चमचे टाकली. आत्यानं तिचा हात अलगद धरला.

आत्या : हा चमचा कुठल्या डब्याचा?

वहिनी : पहिल्या. दुसऱ्याचा पावडरीत खोल गेला होता. चमचे काय, सारखेच की.

आत्या : सारखे नसतात. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर एका सपाट चमच्याला तीस मिली पाणी लिहिलेलं असतं, हे खरं. पण तो चमचा त्याच पावडरीसाठी कापलेला. एका कंपनीची पावडर हलकी, दुसरीची जड, म्हणून चमच्याचा आकार वेगळा. आणि ही शीग कशाला लावलीस?

वहिनी : आई नेहमी म्हणतात, मापाला हात आखडू नये.

हे ऐकून आतल्या खोलीतून माझी आई बाहेर आली. आमच्याकडं पायलीनं धान्य मोजताना शीग लावून देणं ही दानत समजली जाते. ज्याच्या मापाला शीग नाही, तो माणूस कवडीचुंबक. आईनं तोच संस्कार सुनेला दिला होता, अगदी मायेनं.

आत्या : (आईला) वहिनी, धान्याला शीग ही माया. बाळाच्या दुधाला शीग ही शिक्षा. चमचा भरायचा, दाबायचा नाही, सुरीच्या पाठीनं वरचं पुसून सपाट करायचं. शीग लावली की पाणी तेवढंच आणि पावडर बरीच जास्त होते. एवढ्या घट्ट दुधातली प्रथिनं आणि क्षार बाहेर टाकायला इवल्या मूत्रपिंडांना जास्त पाणी लागतं. उन्हाचे दिवस, बाळाच्या अंगातलं पाणी ओढलं जातं, शी कोरडी पडते. सूनबाई, तुझ्या दुसऱ्या डब्याचा दोष होता की मापाचा, हे आता सांगता येईल का?

वहिनी : (थोड्या वेळानं) नाही.

आत्या : आणि पाणी जारचं, नुसतं कोमट केलेलं?

वहिनी : ते शुद्धच असतं ना? फिल्टरचं आहे.

आत्या : फिल्टरचं असलं तरी उकळायचं. पावडर निर्जंतुक नसते, हे डब्यावर कोणी मोठ्या अक्षरांत लिहीत नाही. तिच्यात क्वचित साल्मोनेला, क्रोनोबॅक्टर असे जंतू असू शकतात आणि दोन महिन्यांच्या आतल्या किंवा दिवस न भरलेल्या बाळाला ते जिवावर बेतू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्येच सांगून ठेवलंय : पाणी खळखळून उकळा, अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ते सत्तर अंशांच्या खाली जायच्या आत, त्यात पावडर मिसळा. मग भांडं गार पाण्यात धरून दूध कोमट करा, मनगटावर थेंब टाकून बघा आणि पाजा. उरलेलं दोन तासांनंतर ठेवायचं नाही. आणि शक्य असेल तर बाटली सोड. वाटी-चमचा घे, नाहीतर आपलं जुनं बोंडलं आहेच. ते राखेनं घासलं तरी आत काही लपत नाही. बाटलीच्या बुचात नि मानेत दूध साकळतं.

आई : मी तर पहिल्यापासून सांगतेय, गोठ्यात दोन गाई असताना हे पीठ कशाला? आमची पोरं गाईच्या दुधावरच वाढली.

आत्या : वहिनी, जी वाढली ती आपल्यासमोर आहेत. जी पांढरीफटक पडून आजारत राहिली, ती आपण मोजलीच नाहीत. गाईच्या दुधात प्रथिनं आईच्या दुधाच्या तिप्पट आणि लोह जवळजवळ नाही. सहा महिन्यांच्या आतल्या आतड्याला ते चिडवतं, कधी नकळत थेंब-थेंब रक्त जातं आणि पोराचं रक्त कमी होतं. त्यात पाणी घातलं तर प्रथिनं उतरतात, पण ताकदही उतरते. ही पावडरसुद्धा बहुतेक गाईच्याच दुधाची. फरक इतकाच की प्रथिनं कमी केलेली, त्यांची जात आईच्या दुधाजवळ आणलेली, लोह-जीवनसत्त्वं घातलेली. आईचं दूध मिळत नाही तिथं सहा महिन्यांच्या आत हीच पावडर, गोठा कितीही भरलेला असो.

जुन्नर-आंबेगाव हा दुधाचा मुलूख. सकाळी डेअरीवर कॅन नेताना ज्या दुधाचा आपल्याला अभिमान वाटतो, ते तान्ह्याला नको, हे ऐकताना आईचा चेहरा उतरला. पण ती काही बोलली नाही. वहिनीला मात्र आता धीर आला होता.

वहिनी : आत्याबाई, तुमचं मापाचं, पाण्याचं सगळं मान्य. पण एक सांगते. ‘डबा बदलू नका’ हा नियमही चुकीचा आहे. माझ्या पुण्याच्या मैत्रिणीच्या बाळाला शीत रक्त यायचं, अंगावर चट्टे उठायचे. घरचे म्हणायचे, सवय होईल, थांब. ती थांबली नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे. त्यांनी प्रथिनं आधीच बारीक तोडलेली पावडर दिली आणि काही आठवड्यांत बाळ फुललं. तिनं तुमचं ऐकलं असतं तर?

आत्या : बरोबर बोललीस. तिथं डबा बदललाच पाहिजे आणि तोही त्याच दिवशी. पण तिनं कशावरून बदलला ते बघ. शीत रक्त, चट्टे, वाढ खुंटलेली, ही कारणं आहेत. शेजारणीच्या नातवाला मानवला, हे कारण होत नाही. आणि तुझ्या तिसऱ्या डब्याचं सांगते. लॅक्टोज ही दुधातली साखर. ॲलर्जी असते ती प्रथिनांची. लॅक्टोज काढलेल्या डब्यातही गाईचीच प्रथिनं असतात, म्हणून ॲलर्जीवर त्याचा उपयोग नाही. शेळीच्या दुधाचाही नाही, त्यातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच. जोराची हगवण झाल्यावर काही दिवस लॅक्टोज पचत नाही, तेव्हा डॉक्टर तो डबा थोडे दिवस देतात. तुझ्या पोराला हगवण होती का?

वहिनी : नाही. उलट मलावरोध होता.

आत्या : मग तो डबा त्याच्यासाठी नव्हताच.

वहिनी : हे मला कोणी सांगितलं नाही. तुम्ही लोक फक्त ‘आईचं दूध’ म्हणता आणि पुढं गप्प बसता. कायद्यानं डब्याची जाहिरात बंद केली, चांगलं केलं. पण डबा लागतोच त्या बाईला तो कसा वापरायचा, हेही कोणी सांगत नाही. मग ती शेजारणीला विचारते, नाहीतर मोबाइलला.

यावर आत्या बराच वेळ बोलली नाही. बाळाला मांडीवर घेऊन थोपटत राहिली. मग ती जे बोलली, ते मी आधी कधी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

आत्या : खरंय. कायदा १९९२ चा, २००३ मध्ये आणखी कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दूधपावडरीची, बाळखाद्याची, बाटल्यांची जाहिरात नाही, फुकट नमुने नाहीत, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र नाही. तो हवाच होता गं. त्याआधी दवाखान्यात येऊन फुकट डबे वाटून जायचे आणि घरी गेल्यावर आईचं दूध आटलेलं असायचं. मी त्या कायद्याच्या बाजूची आहे नि राहणार. पण माझी एक चूक सांगते. डिंभ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत मी घरभेटीला जायची. तिथली एक बाई चार महिने नारायणगावला मजुरीला येऊन गेली होती, लेकरू थोरल्या मुलीजवळ ठेवून. दूध आटलं, डबा सुरू झाला. मी गेले की ती डबा गोधडीखाली सरकवायची, माझ्या बोलण्याच्या भीतीनं. मला तीन महिने कळलं नाही. कळलं तेव्हा लेकराच्या कातड्याला सुरकुत्या पडल्या होत्या. एक डबा ती दहा दिवस पुरवायची.

वहिनी : दहा दिवस?

आत्या : हिशेब कर. पूर्ण डब्यावरचं सहा किलोचं बाळ दिवसाला साधारण ९०० मिली पितं. तीस मिलीला एक चमचा, म्हणजे तीस चमचे. चमचा साडेचार ग्रॅमच्या आसपास धरला तर १३५ ग्रॅम. ४०० ग्रॅमचा डबा तीन दिवसांत संपायला हवा, महिन्याला दहा. तो दहा दिवस टिकत असेल तर बाळ पाणीच पितंय. अशा पातळ दुधानं वजन तर घटतंच, रक्तातलं मीठ उतरून झटकेही येऊ शकतात. मी तिला दर भेटीत ‘अंगावर पाज’ म्हणाले. ‘डबा किती दिवस पुरतो?’ एवढं विचारलं नाही. लेकरू वाचलं, पण त्यात माझी पुण्याई नव्हती. तेव्हापासून मी कुठल्याही घरात तो प्रश्न आधी विचारते आणि डबा दिसला तर तोंड वाकडं करत नाही.

वहिनीनं उठून चुलीवर पाण्याचं पातेलं चढवलं. बोलण्यातला ताण आता उतरला होता.

वहिनी : मग आता मी काय करू? तिसरा डबा बंद?

आत्या : एकदम नको. उद्या पोराला डॉक्टरांकडं नेऊन आण. एकदा पोट बघून घ्यायचं, म्हणजे शंका राहत नाही. त्यांनी काही आजार नाही म्हटलं तर दुसऱ्या डब्यावर परत जा, कारण तो इथं बारमाही मिळतो. त्यावर सहा महिन्यांपर्यंतचा, एक नंबरचा, असं लिहिलंय ना? झालं तर. सहा महिन्यांपर्यंतच्या साध्या पावडरीत काय किती असावं हे सरकारी नियमांनी बांधून दिलंय, त्यामुळं एका जातीचे डबे आतून फारसे वेगळे नसतात.

वहिनी : हे माझी बहीणही म्हणाली होती. ती न्यू जर्सीत असते. २०२२ मध्ये तिकडं मिशिगनमधला एक मोठा कारखाना बंद पडला आणि दुकानांतले पावडरीचे कप्पे रिकामे झाले. तिचं बाळ तेव्हा तीन महिन्यांचं. डॉक्टरांनी सांगितलं, त्याच जातीचा दुसऱ्या कंपनीचा डबा घ्या, पुरवायचा म्हणून पाणी वाढवू नका आणि घरी काही मिश्रण बनवू नका. मी ते ऐकलं आणि विसरले.

आत्या : शहाण्या डॉक्टरांनी सांगितलेलं सगळीकडं सारखंच असतं. एका जातीचा डबा असेल तर एका दिवसात बदलला तरी बहुतेक पोरांना चालतो. पण याचं पोट तीन आठवडे हलतंय, म्हणून सावकाश घे. आधी दिवसातलं एकच पाजणं बदल, तेही सकाळचं, म्हणजे काही झालं तर दिवसा दिसेल. दोन दिवसांनी दुसरं. आठवड्यात सगळं होईल. दोन पावडरी एका डब्यात मिसळू नकोस. मिसळायचंच असेल तर प्रत्येक दूध आपापल्या चमच्यानं, आपापल्या मापानं वेगळं बनव आणि तयार दूध मिसळ. त्या आठवड्यात बाकी काही बदलायचं नाही. गुटी नाही, ग्राइपवॉटर नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर काय मानवलं, काय नाही, ते कळतं.

वहिनी : आणि दूध काढतो त्याचं?

आत्या : पाजताना डोकं उंच धर, घाई करू नकोस, मध्ये ढेकर काढ, नंतर थोडा वेळ उभा धर. एवढ्या वयात गुळणी टाकणं बहुतेक पोरांत असतं, बसायला लागली की कमी होतं. अंगणवाडीत वजन करून कार्डावर टीप घे. रेघ वर चालली असेल तर गुळणीला घाबरायचं नाही.

वहिनी : आणि घाबरायचं कधी?

आत्या : शीत रक्त दिसलं, उलटी हिरवी झाली, किंवा प्रत्येक पाजण्यानंतर जोरानं उलटी होत राहिली. दूध घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. लंगोट कोरडे राहिले, टाळू खोल गेली, पोर मलूल पडलं, पिईना. यातलं एकही दिसलं तर डब्याचा विचार सोडायचा आणि लेकरू घेऊन दवाखाना गाठायचा. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि गाडी फुकट आहे. १०८ ला फोन करायचा.

वहिनी : अंगावरचं चालू ठेवू ना?

आत्या : ते तुझ्याकडचं सगळ्यात मोठं धन आहे. रात्रीचं तर मुळीच सोडू नकोस, रात्रीच्या पाजण्यानं दूध टिकतं. हंगाम संपला की दिवसाचंही वाढव, बाळ ओढत राहिलं तर येतं. आणि वहिनी, हंगामात हिला दुपारी दोन वेळा अर्धा तास मोकळी करा. ट्रे तुम्ही भरा. निम्मा डबा तसाच वाचेल.

माझी आई ‘भरीन’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाळाचं पोट तपासून काळजी नसल्याचं सांगितलं. त्याच दिवसापासून आई खरोखर दुपारी रोपवाटिकेत जाऊ लागली.

दोघींचं ऐकताना मला दोघींच्याही बोलण्यात खरं दिसलं. आत्या म्हणते तसं, पोट बिघडलं की डबा बदलायचा ही सवय बाळावर अन्याय करते. वहिनी म्हणते तसं, डब्याबद्दलचं आपलं गप्प बसणंही बाळावर अन्याय करतं. पश्चिमेच्या वाड्यांत दुकान दूर, हवा तो डबा मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. नारायणगाव-मंचरच्या बाजारात डबे भरपूर, पण सांगणारं कोणी नाही. दोन्हीकडच्या आईला हवं आहे ते एकच : न रागावता, तिच्याजवळ बसून दूध बनवताना पाहणारं माणूस.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेले. ओट्यावर एकच डबा होता, त्याचाच चमचा त्यात, शेजारी चमचा सपाट करायची सुरी आणि स्टीलचं बोंडलं. शी मऊ झाली होती. कार्डावरची रेघ वर सरकली होती.

तुमच्या घरी, शेजारी, वाडीत डब्यावरचं बाळ असेल तर त्या आईला नावं ठेवू नका आणि नवा डबाही सुचवू नका. तिच्या ओट्याजवळ उभे राहा आणि तीन गोष्टी विचारा : पाणी उकळलं का, चमचा याच डब्याचा नि सपाट आहे का, डबा किती दिवस पुरतो? उत्तरं ठीक असूनही बाळ ठीक नसेल, तर तिला डॉक्टरांकडं घेऊन जा. एकटीला पाठवू नका, सोबत जा.